रेषेबाहेर उभं राहताना

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. इंदूरमधली आंतरशालेय सॉफ्टबॉल स्पर्धा, चौदा वर्षांखालील मुलींचा सामना. माझी मुलगी सेकंड बेसपाशी उभी होती. पाचव्या इनिंगमध्ये एक सरपटी चेंडू तिच्याकडे आला. त्याला फार वेग नव्हता. मी ओरडले, "खाली वाक!" तिनं आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग चेंडूकडे. तेवढ्यात चेंडू तिच्या दोन पायांमधून मागच्या गवतात गेला होता आणि थर्ड बेसवरची मुलगी धावत होमप्लेटवर पोहोचली होती.

सॉफ्टबॉलच्या स्कोअरशीटवर मैदानावरच्या प्रत्येक जागेला एक आकडा असतो. पिचर एक, कॅचर दोन, असं करत सेकंड बेसचा आकडा चार. त्या चेंडूची नोंद 'ई-चार' अशी झाली. ई म्हणजे एरर. नोंद नियमाप्रमाणे अगदी बरोबर होती. फक्त त्या चुकीत सहभागी असलेल्या दुसऱ्या व्यक्तीसाठी स्कोअरशीटवर रकाना नव्हता.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. आपलं मूल खेळत असताना रेषेबाहेर उभ्या असलेल्या आईबापांच्या आवाजाचं नैतिक मोल काय? शिवीगाळ वाईट, एवढं म्हणून हा प्रश्न संपत नाही. मी शिवी दिली नव्हती. मी सांगितलं ते तर बरोबरच होतं. तरीही काहीतरी चुकलं होतं आणि ते मला नीट समजून घ्यायचं होतं.

रेषेबाहेरचे आवाज ऐकत गेलं की त्यांचे प्रकार कळू लागतात. पहिला सूचनेचा: "थांब", "मार", "थर्डला टाक". दुसरा कौतुकाचा. तिसरा पंचांवरच्या रागाचा. इंदूरच्या मैदानावर यात आणखी एक गंमत असते. सूचना बहुधा हिंदीत दिल्या जातात, सगळ्यांना कळाव्यात म्हणून. राग मात्र मातृभाषेत येतो. "बॉल पे नज़र रख" म्हणणारे बाबा पुढच्याच क्षणी "अगं, लक्ष कुठंय तुझं!" म्हणतात. तेव्हा दोन भाषांमध्ये उभी असलेली ती मुलगी काय ऐकत असेल, हा माझ्या व्यवसायातला प्रश्न आहे. पण तिला वाक्य ऐकू येत नसावं, फक्त सूर ऐकू येत असावा.

सूचनेचा हिशेब साधा आहे. मोठ्या मुलींच्या सामन्यात पिचर त्रेचाळीस फुटांवरून चेंडू टाकते. ताशी ऐंशी किलोमीटर वेगाचा चेंडू तेवढं अंतर अर्ध्या सेकंदाहून थोड्याच जास्त वेळात कापतो. लहान मुलींचा वेग कमी असतो, पण त्यांचा निर्णयही सावकाश होतो. तेवढ्या वेळात रेषेबाहेरच्या माणसानं चेंडू पाहायचा, ठरवायचं, ओरडायचं, मुलीनं ऐकायचं, समजून घ्यायचं आणि बॅट फिरवायची. हे होऊच शकत नाही. म्हणजे चेंडू हवेत असताना दिलेली सूचना मुलीच्या उपयोगाची नसते. ती ओरडणाऱ्याच्या उपयोगाची असते. त्याला वाटतं, मी काहीतरी केलं.

पंचांवरच्या रागाचंही तसंच. होमप्लेट सतरा इंच रुंद असते. चेंडू त्या रुंदीत होता की बाहेर, हे प्लेटच्या मागून दिसतं. बाजूला उभ्या असलेल्या माणसाला चेंडूची उंची कळेल, पण तो आतून गेला की बाहेरून, हे कळण्याचा मार्गच नसतो. तरी सगळ्यांत मोठा आरडाओरडा याच निर्णयांवर आणि याच जागेवरून होतो. त्या दिवशी पंच होती कॉलेजात शिकणारी एक मुलगी, दोन वर्षांपूर्वीपर्यंत स्वतः खेळणारी. एक गृहस्थ सातही इनिंग तिला सुनावत होते. ती मान न वळवता बोटांनी बॉल आणि स्ट्राइकचा आकडा दाखवत राहिली. सामन्यानंतर पाण्याच्या टाकीपाशी ती चेहरा धूत होती, जरा जास्तच वेळ. आम्ही सगळे तिच्या शेजारून गेलो. मीही काही बोलले नाही.

अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या डेप्टफर्ड या गावातल्या लिटल लीगनं 2023 साली यावर एक नियम केला. पंचांशी गैरवर्तन करणाऱ्या पालकाला मैदानावर येण्याची बंदी. परत यायचं असेल तर आधी त्यानं स्वतः तीन सामन्यांत पंच म्हणून उभं राहायचं. ही बातमी वाचून मी खूश झाले होते. शिक्षेपेक्षा जागा बदलून पाहायला लावणं किती शहाणपणाचं! पण मग ते गृहस्थ आठवले. ते स्वतः विद्यापीठाकडून सॉफ्टबॉल खेळलेले होते. त्यांना खेळ माझ्याहून कितीतरी अधिक कळत होता आणि तेच सर्वांत जास्त ओरडत होते. म्हणजे समोरच्याची जागा ठाऊक नसणं हे एकच कारण नाही. आपली स्वतःची जागा सहन न होणं, हेही आहे.

आपली जागा काय? मराठीत, संस्कृतातून आलेला, एक शब्द आहे: तटस्थ. तटावर, काठावर उभा असलेला. मैदानाची ती पांढरी रेषा म्हणजे एक तटच आहे. अलीकडे खेळ, पलीकडे आपण. पण ज्याचं माणूस पाण्यात उतरलंय, त्याला काठावर उभा आहे म्हणून कोणी तटस्थ म्हणत नाही. आईबापांची पंचाईत हीच आहे. त्यांचं शरीर काठावर आणि जीव पाण्यात.

आपल्या जुन्या नाट्यविचारात प्रेक्षकाबद्दल बरंच बोललं गेलं आहे. नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोग सफल झाला हे कशावरून ओळखावं, याची चर्चा येते. प्रेक्षक हसतात, वाहवा करतात, हळहळतात, आसनावरून उठतात, ही मानुषी सिद्धी. आणि प्रेक्षागृह भरलेलं असूनही आवाज नाही, खळबळ नाही, ही दैवी सिद्धी. मला यातलं आवडतं ते हे, की आवाजाला तिथं कमी लेखलेलं नाही. तो माणसाचा आहे, एवढंच म्हटलं आहे. पुढे या ग्रंथावर टीका लिहिताना अभिनवगुप्तानं रसास्वादातली सात विघ्नं सांगितली. त्यांतलं एक म्हणजे प्रेक्षकानं स्वतःच्या सुखदुःखात अडकून पडणं. घरची विवंचना घेऊन नाटकाला बसलेल्या माणसाला समोरचं दिसतच नाही. हे वाचताना वाटलं, शाळेच्या मैदानावरच्या पालकांना तर समोर फक्त घरचंच दिसत असतं. मुलीच्या हातून सुटलेल्या चेंडूत माझं तिला वेळ न देणं दिसतं, तिच्या वर्गशिक्षिकेची तक्रार दिसते, मी लहानपणी खो-खोत पहिल्याच मिनिटाला बाद व्हायचे ते दिसतं. चेंडू कुठे दिसतो?

मग पालकांनी रसिक व्हावं का? त्याच स्पर्धेत एक आजी यायच्या. त्यांना नियम ठाऊक नव्हते. कुठल्याही संघाची मुलगी धावली की त्या टाळ्या वाजवायच्या आणि "भाग बेटा, भाग" म्हणायच्या. मला त्या फार आवडल्या. इतका निर्मळ प्रेक्षक मी दुसरा पाहिला नाही. पण त्यांची नात डगआऊटमधून रडवेली होऊन म्हणाली, "आजी, ती आपल्या टीमची नाहीये!" तिचंही खरंच होतं. मुलाला काठावर रसिक नको असतो. आपलं म्हणणारं माणूस हवं असतं. सर्वांवर सारखं प्रेम करणारी आजी तिला त्या घडीला आपली वाटेना.

आणि गप्प बसण्याबद्दलही सांगायला हवं. माझे वडील माझा एकही सामना पाहायला आले नाहीत. ते कठोर नव्हते. मुलीचा खेळ पाहायला जायचं असतं, हे त्यांच्या मनातच आलं नाही. त्या शांततेत मी वाढले. म्हणून आज मैदानावर गळा फाडणारा बाप दिसतो तेव्हा त्याला सरळ दोषी ठरवणं मला जमत नाही. तो पहाटे साडेपाचला उठून मुलीला सरावाला सोडतो. त्यानं उसनवारी करून ग्लव्ह घेतलेला असतो. शालेय राष्ट्रीय स्पर्धेचं प्रमाणपत्र पुढे कॉलेजच्या प्रवेशात किंवा नोकरीतल्या खेळाडू कोट्यात उपयोगी पडेल, असा त्याचा हिशेब असतो आणि तो हिशेब खोटा नसतो. खेळ हा खेळ म्हणून पाहा, हे ज्याचं भागलंय त्यानं म्हणणं सोपं आहे.

तरीही मुलगी चेंडूऐवजी माझ्याकडे का पाहत होती, हे उरतंच.

घरी जाताना स्कूटरवर मागे बसलेली ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आई, तू ओरडलीस ना, तेव्हा मला वाटलं मी काहीतरी चुकीचं करतेय."

मी म्हटलं, "अगं, मी बरोबरच सांगत होते."

"हो. पण मी वाकतच होते."

मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही. तिला ठाऊक असलेली गोष्ट मी तिला सांगितली होती आणि सांगण्यानंच तिच्याकडून ती काढून घेतली होती. तो चेंडू तिनं अडवला असता तर तो तिचा झाला असता. न वाकता चुकली असती, तर चूक तिची झाली असती आणि पुढच्या वेळी ती वाकली असती. मी दोन्ही होऊ दिलं नाही.

हे मला कळायला हवं होतं, कारण माझ्या कामात मी हे एकदा शिकले आहे. सुरुवातीच्या काळात हिंदीतून अनुवाद करताना मूळ वाक्याला मी हळूच एखादा खुलासा जोडायचे. वाचकाला कळलं नाही तर? एका वयस्कर संपादकांनी ते सगळे खुलासे तांबड्या शाईनं खोडले आणि विचारलं, "तुमचा वाचकावर विश्वास नाही का?" मी तेव्हा दुखावले होते. माझा खुलासा प्रेमापोटीच असायचा. पण त्या प्रेमात समोरचा माणूस कायम अर्धा वाक्य मागे आहे, असं गृहीत धरलेलं होतं.

म्हणून आता मला कसोटी मिळाली आहे असं वाटतं. आवाज मोठा की लहान, गोड की कडू, हा मुद्दा नव्हे. त्या आवाजानं मुलीला माझ्याकडे पाहावं लागतं का, हा मुद्दा आहे. या कसोटीवर शिवी तर नापास होतेच, पण सूचनाही होते, आणि मधल्याच क्षणी फेकलेलं "शाब्बास"सुद्धा होतं. सामना संपल्यावर, चेंडू थांबल्यावर, तेच शब्द चालतात. पंचांबद्दलही असंच: माझ्या ओरडण्यानं त्या मुलीचे डोळे प्लेटवरून हलावेत अशी माझी इच्छा असेल, तर मला न्याय नको आहे, मला तिला हलवायचं आहे.

सॉफ्टबॉलच्या जन्माची एक कथा सांगतात. 1887 साली शिकागोच्या एका बोट क्लबात काही माणसं येल आणि हार्वर्डच्या फुटबॉल सामन्याच्या निकालाची वाट पाहत बसली होती. निकाल आला तेव्हा एकानं आनंदात बॉक्सिंगचा ग्लव्ह दुसऱ्याकडे भिरकावला आणि दुसऱ्यानं तो काठीनं टोलवला. तिथे हजर असलेल्या जॉर्ज हॅनकॉकनं तोच ग्लव्ह बांधून त्याचा चेंडू केला. म्हणजे हा खेळ निघाला तो दुसऱ्यांच्या खेळाचा निकाल ऐकणाऱ्या प्रेक्षकांमधून. हातांना काही करायचं नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतःचा खेळ मांडला. ते मला शहाणपणाचं वाटतं.

पुढच्या सामन्याला मी मुलीलाच विचारलं, मी कुठे उभी राहू? ती म्हणाली, "लेफ्ट फील्डच्या मागे. बोलू नकोस. मी पाहिलं तर हात कर." त्या कॉलेजातल्या मुलीची पंच म्हणून पुन्हा नेमणूक होती. सामन्याआधी तिच्याकडे जाऊन मागच्या वेळच्या गप्प बसण्याबद्दल मी माफी मागितली. ती संकोचून हसली आणि प्लेट पुसायला गेली.

सात इनिंग मी तारेच्या कुंपणापाशी उभी होते. मुलीकडे चार चेंडू आले. तीन तिनं अडवले, एक सुटला. तो सुटला तेव्हा मी हात करायच्या तयारीत होते. तिनं एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. हेच हवं होतं. तरी मला थोडं वाईट वाटलं, हेही लिहून ठेवते.