लावणे आणि जगवणे

वृक्ष लावल्याने पुण्य जोडते, असे आपल्या पुराणांनी ठायी ठायी सांगितले आहे. मत्स्यपुराणाने तर एका वृक्षाची योग्यता दहा पुत्रांएवढी मानली. पण येथे शंका उभी राहते. हे पुण्य रोप लावण्याचे, की ते जगवण्याचे? पुत्र जन्मास घालून रस्त्यावर सोडला, तर त्यास पितृधर्म कोण म्हणेल?

आमच्या निडीसारख्या गावी हा प्रश्न फारसा पडत नाही. कोकणचा पाऊस, डोंगराची माती. बी पडले की रुजते. पण रोह्याची गाडी धरून मुंबईच्या बाजूस गेले की झाडांची दैना दिसते. मुळाभोवती सिमेंट, खोडात पाट्यांचे खिळे; रोपाच्या रक्षणासाठी घातलेला लोखंडी पिंजरा पुढे खोडातच रुतलेला. मुळांस हवा नाही, पाणी मुरत नाही. मग आषाढातल्या वाऱ्याने झाड उन्मळले की लोक म्हणतात, "कुजकंच होतं हो ते!" वटपौर्णिमेस तर वडाच्या तोडलेल्या फांद्या बाजारात विकत मिळतात. ज्याच्यापाशी दीर्घायुष्य मागायचे, त्याचाच हात तोडायचा, ही कोणती पूजा?

कोणी म्हणेल, "बुवा, शहरात माणसाला जागा नाही, झाडाला कुठून आणायची?" आक्षेप पोकळ नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईच्या आरे वसाहतीत २,००० हून अधिक झाडे पडली, ती मेट्रोच्या कारशेडसाठी. आणि मेट्रो लोकांच्याच सोयीची. परंतु सावली कोणाची सोय आहे, तेही पाहावे. ज्याच्या घरी गारव्याचे यंत्र आहे, त्याला झाड ही शोभा. हातगाडी ओढणाऱ्याला, रस्ता झाडणाऱ्या बाईला तेच छप्पर.

"एक तोडलं तर दहा लावू" हे उत्तर सोपे आहे. महाराष्ट्राने नागरी भागांतील झाडांसाठी १९७५ साली कायदा केला. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांचे वा त्याहून जुने झाड वारसा ठरले. ते तोडल्यास त्याच्या वयाइतकी रोपे लावावी आणि ७ वर्षे सांभाळावी, असे ठरले. ८० वर्षांच्या वडाबदली ८० रोपे. हिशेब जुळला, पण आज दुपारची सावली आणि पाखरांची घरटी त्या हिशेबात नाहीत. आमच्या मते त्या नियमाचा प्राण रोपांच्या संख्येत नसून ७ वर्षांत आहे.

सज्जनहो, एकदा पंढरीस जाऊन आला तो वारकरी नव्हे. वारी चुकवीत नाही तो वारकरी. झाडाचेही तसेच. लावण्याच्या दिवशी हार असतात, फोटो असतात. फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत रोज बादलीभर पाणी घालणाऱ्याला कोणी पाहत नाही. ज्याच्या सावलीत आपण बसणार नाही, त्या वडाला पाणी घालणे, हे निष्काम कर्म नव्हे तर काय? म्हणून नवे रोप जरूर लावा. पण आधी आपल्या दारासमोरच्या झाडाचा खिळा उपटा, बुंध्याभोवतीचे सिमेंट काढायला लावा, आणि उन्हाळाभर त्याची तहान विसरू नका.