अस्सल, नक्कल आणि तांबडी माती

जुन्या कृष्णधवल क्रीडापटांवर आजच्या प्रेक्षकांसाठी रंग चढवावेत की नाही, हा वाद पाश्चात्त्य देशांत कित्येक वर्षे चालू आहे आणि आता संगणकाच्या कृपेने तो आपल्याही उंबरठ्याशी येऊन ठेपला आहे. परंतु बहुधा तो सौंदर्याच्या न्यायासनापुढे चालविला जातो, एक पक्ष छायाप्रकाशाच्या गांभीर्याची महती गातो, दुसरा रंगाच्या सजीवपणाची, आणि मूळ फिर्याद काय होती याचा दोघांनाही विसर पडतो. क्रीडापट हा कथापट नव्हे. जे घडले ते घडले म्हणून त्यात दाखविलेले असते, आणि म्हणून त्याची जात काव्याची कमी व दाखल्याची अधिक. ज्याला भोर-वेल्ह्याच्या, म्हणजे कुस्तीच्या मुलखातून या प्रश्नाकडे पाहावयाचे आहे, त्याला तर हा मुद्दा टाळताच येणार नाही. कारण इथल्या खेळात रंग हा खेळाडूच्या पायाखालीच पसरलेला असतो.

योगायोग असा, की हिंदी माणसाने घेतलेल्या चलच्चित्रांचा इतिहासच मुळी कुस्तीपासून सुरू होतो. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, ज्यांना लोक सावेदादा म्हणून ओळखीत, यांनी १८९९ साली विलायतेहून मागविलेल्या कॅमेऱ्याने मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये पुंडलीक दादा व कृष्णा न्हावी या दोन मल्लांची झुंज टिपली आणि ती फीत धुण्यासाठी पुन्हा विलायतेस पाठविली. केम्ब्रिजला सीनियर रँग्लर झालेल्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्या १९०१ सालच्या स्वागताचे चित्रण करणारेही हेच गृहस्थ. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ला, म्हणजे १९१३ सालाला, तेव्हा पुष्कळ अवकाश होता. पौराणिक राजे-ऋषी पडद्यावर येण्यापूर्वी तेथे दोन पैलवान येऊन गेले होते, याचा आपल्या चित्रपटेतिहासकारांनी करावा तितका अभिमान केलेला नाही, असे मला नेहमी वाटत आले आहे. ती फीत आज उपलब्ध नाही. परंतु उद्या ती एखाद्या जुन्या पेटाऱ्यातून निघालीच, तर जाणकारांचे आनंदाश्रू सुकण्यापूर्वी पहिली मागणी कोणती होईल हे सांगावयास ज्योतिषी नको: तिला रंग द्या.

ही मागणी अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. खेळात रंग पुष्कळदा माहितीचे काम करतो. बीबीसीने १९६९ साली स्नूकरचा ‘पॉट ब्लॅक’ हा कार्यक्रम सुरू केला तो नव्याने आलेल्या रंगीत दूरचित्रवाणीची करामत दाखविण्यासाठीच. कारण ज्या खेळात चेंडूचा रंग हेच त्याचे मोल, तो करड्या पडद्यावर पाहणे म्हणजे आकडे पुसलेला जमाखर्च वाचणे. आपल्याकडे १९८२ च्या स्वातंत्र्यदिनी रंगीत दूरदर्शन आले आणि त्याच वर्षाअखेर दिल्लीचे आशियाई खेळ लोकांनी रंगांत पाहिले. त्यानंतर वाढलेल्या पिढीला करडे चित्र केवळ जुने वाटत नाही, ते परक्याचे वाटते. २३ जुलै १९५२ रोजी हेलसिंकी येथे खाशाबा जाधवांनी स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळविले. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा तो मल्ल घामाने निथळलेला, रक्तामांसाचा असा डोळ्यांपुढे उभा राहावा, असे तालमीतल्या एखाद्या पोरसवदा पैलवानाला वाटले, तर त्याला अरसिक ठरविणे हा निव्वळ पंडिती उद्धटपणा होईल.

अडचण इच्छेची नाही, पुराव्याची आहे. करड्या छटेवरून मूळ रंग ओळखता येतो ही समजूत लोकांत फार दृढ आहे, आणि ती चुकीची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वापरात असलेल्या फितीला निळा प्रकाश तेवढा नीट उमजे, तांबडा जवळजवळ उमजतच नसे. त्यामुळे निळेभोर आकाश पांढरेफटक उतरे आणि तांबडी वस्तू काळी. सर्व रंगांना जागी असणारी फीत चित्रपटव्यवसायात सर्रास रूढ झाली ती १९२० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात. तेव्हा जुन्या कुस्तीच्या फितीत जी काळीशार माती दिसते ती खरोखर काळी होती, की तांबडी असून फितीच्या आंधळेपणामुळे काळी झाली, याचा निवाडा त्या फितीपाशी मागण्यात अर्थ नाही. नव्या फितीतही एकच करडी छटा हिरव्या लुगड्याची असू शकते आणि तांबड्या पटक्याचीही. संगणक येथे जे करतो त्याला ज्ञान म्हणणे धाडसाचे होईल; लाखो रंगीत चित्रे पाहून तो संभवनीय रंग निवडतो, आणि संभवनीय म्हणजे बहुधा सरासरी. माती दिसली की मातकट तपकिरी, अंग दिसले की गव्हाळ.

आता ही सरासरी आमच्या मुलखात आणून पाहावी. भोरच्या पश्चिमेस व वेल्ह्यात, ज्या तालुक्यास आता राजगड हे नाव मिळाले आहे, घाटमाथ्याकडची जमीन तांबूस. नीरेच्या काठाने पूर्वेकडे उतरावे तसतशी ती काळवंडत जाते. परंतु तालमीच्या हौद्यातली माती ही शिवारातून उचलून आणून टाकलेली माती नव्हेच. ती चाळतात, तिच्यात काव कालवितात, तेल, ताक, हळद, लिंबाचा रस घालतात, रोज उकरतात, आणि या साऱ्या संस्कारांनंतर तिला जो रंग येतो तो तालमीतालमीचा वेगळा असतो. जुन्या वस्तादाला तो आपल्या अंगाच्या वासाइतका ओळखीचा. चैत्रानंतरच्या यात्रांत भरणाऱ्या मैदानाची गोष्ट आणखी निराळी, कारण तेथे पुष्कळदा जागच्या जागी जमीन उकरून फड तयार केलेला असतो, म्हणजे एकाच पैलवानाच्या पाठीला तालमीत एका रंगाची माती लागते आणि यात्रेत दुसऱ्या. त्यावर गुलाल. त्याभोवती बसलेल्या माणसांचे पटके नि फेटे, हलगीवाल्याची बंडी, लंगोटांचे रंग, बक्षीस म्हणून बांधलेला फेटा. नारळावरच्या पोरासोरांच्या कुस्तीपासून शेवटच्या मोठ्या इनामी कुस्तीपर्यंत उन्हाचा रंगही बदलत जातो, हे ज्याने मैदान पाहिले आहे त्याला सांगावयास नको. यांतील एकही गोष्ट संगणकाच्या संभवनीयतेत बसत नाही. तो जे रंगवील ते कोठलेही मैदान असेल, भोरचे नसेल.

याहून गंभीर दोष रंगाबरोबर चोरपावलांनी येतो. हाताने फिरविलेल्या जुन्या कॅमेऱ्यात सेकंदाला सोळाच्या आसपास चौकटी पडत, त्याही एकसारख्या नव्हेत. आजचा पडदा चोवीस किंवा त्याहून अधिक मागतो. म्हणून रंग देणारे कारागीर दोन चौकटींच्या मधल्या चौकटी यंत्राकडून रचून घेतात, हालचाल गुळगुळीत होते, प्रेक्षक सुखावतो. सैनिकांच्या संचलनात याने फारसे बिघडत नाही. पण कुस्तीचा निकाल खांदे जमिनीला टेकले की नाही यावर असतो. धोबीपछाड बसली त्या क्षणी एक खांदा बोटभर वर होता, असे एका गावाचे म्हणणे आणि चितपट झाली असे दुसऱ्याचे, अशा तंट्यांवरून फडात आरडाओरड झाल्याचे कोणत्या यात्रेकरूने ऐकलेले नाही? तो क्षण नेमका दोन अस्सल चौकटींच्या मध्ये पडला, तर यंत्राने रचलेली चौकट पंचाच्या जागी बसून कधीही न झालेल्या चितपटीचा दाखला देईल. हा अलंकार नव्हे. ही खोटी साक्ष आहे.

जगात याची उत्तरे निरनिराळी दिली गेली आहेत. पीटर जॅक्सन यांनी पहिल्या महायुद्धाच्या चित्रफितींवरून २०१८ साली केलेल्या ‘दे शॅल नॉट ग्रो ओल्ड’ या पटात गणवेशांचे रंग ठरविताना स्वतःच्या संग्रहातील त्या काळचे खरे गणवेश समोर ठेवले. मधल्या चौकटी त्यांनीही रचून घेतल्या, परंतु रंगांपुरती त्यांची रीत प्रामाणिक होती, आणि गणवेश उपलब्ध असल्यामुळेच ती शक्य झाली. फ्रान्समध्ये जॉन ह्यूस्टन यांच्या ‘द अॅस्फाल्ट जंगल’ या कृष्णधवल पटाची रंगीत आवृत्ती दाखविण्यावरून त्यांच्या वारसांनी दावा मांडला, आणि १९९१ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने वारसांचा पक्ष उचलून धरला. आपल्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात कर्त्याच्या प्रतिष्ठेचे रक्षण करणारे कलम आहे खरे, पण चित्रपटाचा कर्ता म्हणजे निर्माता अशी त्याच कायद्याची व्याख्या असल्याने, मैदानाच्या कडेला उभे राहून ज्याने फीत घेतली त्या छायाचित्रकाराला बोलावयास जागा नाही. ‘मुघल-ए-आझम’ २००४ साली संपूर्ण रंगांत आला तेव्हा के. आसिफ हयात नव्हते. तो तर कथापट. शीशमहालाचा रंग थोडा चुकला म्हणून अकबराच्या इतिहासाचे काही बिघडत नाही.

भोरच्या लोकांना अस्सल-नकलेची ही भाषा परकी वाटू नये. हे संस्थान पंतसचिवांचे. त्या घराण्याचे मूळ पुरुष शंकराजी नारायण यांचा हुद्दा सचिवाचा, आणि अष्टप्रधानांतील या अधिकाऱ्याचे काम राजपत्रे तपासण्याचे. मजकुरात अधिकउणे झाले असेल तर ते शुद्ध करणे त्याच्या अखत्यारीत होते, पण जे त्याच्या नजरेखालून गेले ते गेल्याची खूण पत्रावर राहावी, हा शिरस्ता होता. रंगीत क्रीडापटाला मी एवढाच शिरस्ता लावू इच्छितो. अस्सल फितीला कोणी हात लावू नये आणि ती प्रेक्षकांना नकलेइतक्याच सहजतेने पाहावयास मिळावी. रंगीत प्रत ही नक्कल आहे असे तिच्या मस्तकी लिहावे. कोणता रंग साक्षीवरून दिला, कोणता वस्तूवरून आणि कोणता केवळ अंदाजाने, याची फेरिस्त तिच्यासोबत जोडावी. कुस्तीच्या फितीत रचलेली चौकट एकही घालू नये. इतके पाळून कोणी रंग देत असेल, तर मी ती प्रत आनंदाने पाहीन. न पाळता देत असेल, तर ती कुस्तीच्या नावावर काढलेली चित्रमाला समजेन.

मात्र साक्षी घ्यावयाच्या तर त्या आताच घेतल्या पाहिजेत. १२ जुलै १९६१ रोजी वेल्ह्यातील पानशेतचे धरण फुटले आणि पुण्यातल्या कितीतरी घरांतील छायाचित्रे पुरात गेली. माणसांच्या आठवणी तर पुरावाचूनही जातात. रंगीत दूरदर्शन येण्यापूर्वीची मैदाने ज्यांनी कळत्या वयात पाहिली ती माणसे आता साठीच्या आसपास व पुढे आहेत. म्हणून भोर व वेल्ह्यातील यात्रा कमिट्यांना, तालमींच्या वस्तादांना आणि घरी जुनी छायाचित्रे असलेल्या वाचकांना माझी विनंती आहे: या दिवाळीत ती छायाचित्रे भिंतीवरून उतरवावीत, वडीलधाऱ्यांपुढे ठेवावीत, आणि पटका कोणत्या रंगाचा, लंगोट कोणत्या, माती कोणत्या गावची व तिच्यात काय कालविलेले होते, हे त्यांच्या तोंडून विचारून, सांगणाऱ्याच्या नावासह आणि तारखेसह, मऊ पेन्सिलीने चित्राच्या पाठीवर लिहून ठेवावे.