रस्त्याचा हक, सावलीचा हक



माननीय मुआज बिन अनस जुहनी (रजि.) यांनी सांगितलेला एक प्रसंग 'सुनन अबू दाऊद' या हदीससंग्रहात आला आहे. एका मोहिमेत ते प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यासमवेत होते. मुक्कामाच्या ठिकाणी लोकांनी जागा अशा काही व्यापल्या, की इतरांना अडचण होऊ लागली आणि येण्याजाण्याची वाटच बंद झाली. हे पाहून प्रेषितांनी एका माणसाला पाठवून जाहीर पुकारा करविला. ज्याने मुक्कामाची जागा अडविली अथवा वाट बंद केली, त्याचा जिहाद जिहाद ठरणार नाही, असा त्याचा आशय होता.

हे लोक कोण होते? ते अल्लाहच्या मार्गात घरदार सोडून, प्राण पणाला लावून निघालेले लोक होते. त्यांच्या श्रद्धेविषयी किंवा हेतूविषयी प्रेषितांनी काहीच विचारले नाही. तंबू कोठे ठोकला एवढ्यावरून त्यांचे एवढे मोठे पुण्यकर्म धोक्यात आले.

मदरशात ही हदीस शिकलो तेव्हा शब्दार्थ पाठ केला आणि पुढच्या पाठाकडे वळलो. तिचा खरा अर्थ मला अंधेरी पश्चिमेच्या एका गल्लीत, शुक्रवारच्या दुपारी उमगला.

आमच्या मशिदीसमोरच्या इमारतीत एक वयोवृद्ध हिंदू गृहस्थ राहतात. मी त्यांना काका म्हणतो. आठवड्यातून तीन दिवस त्यांचे डायलिसिस असते. त्यांपैकी एक दिवस शुक्रवार आणि वेळ दुपारी दोनची. त्या दिवशी सव्वा वाजता त्यांचा मुलगा गाडी काढू लागला, तर फाटकासमोर दुचाकींची रांग आणि त्या रांगेला चिकटून उभी एक मोटार. मोटारीचा मालक नमाजीत. मुलाने मशिदीच्या दारात येऊन विचारले, तेव्हा आमच्यापैकी कोणीतरी त्याला "पाच मिनिटे थांबा" असे सांगितले. आत मी बयान करीत होतो. विषय रंगला होता, म्हणून मी तो नेहमीपेक्षा लांबविला. त्यानंतर खुतबा, नमाज, दुआ आणि दारातली गर्दी. काका केंद्रात पोहोचले तेव्हा त्यांच्यामागच्या रुग्णाची वेळ जवळ आली होती, म्हणून त्यांचे डायलिसिस तासभर आधीच थांबविण्यात आले. हे मला त्यांनी सांगितले नाही. दोन दिवसांनी इमारतीच्या वॉचमनकडून कळले.

मी क्षमा मागायला गेलो. काका रागावले असते तर मला बरे वाटले असते. ते म्हणाले, "मौलाना, शुक्रवारचं आम्ही धरूनच चालतो."

हे वाक्य त्या दिवसापासून माझ्या मनातून जात नाही. ज्याच्या उपद्रवापासून शेजारी सुरक्षित नाही तो श्रद्धावंत नाही, असे प्रेषितांनी शपथेवर तीनदा सांगितल्याचे 'सहीह बुखारी'त आहे. आणि येथे आमचा शेजारी आमचा उपद्रव गृहीत धरून आठवडा आखत होता. त्या उपद्रवाला त्याने नाव दिले होते शुक्रवार!

हा विषय मी मिंबरवरून मांडला, तेव्हा नमाज झाल्यावर काही तरुण भेटले. त्यांचे म्हणणे असे की, मौलाना, रस्ता काय आपणच अडवतो? उत्सवांचे मंडप असतात, लग्नाच्या वराती असतात, हॉटेलांसमोर दुहेरी रांगेत गाड्या असतात. तक्रार मात्र आपलीच होते. मी हे म्हणणे खोटे ठरवीत नाही. तक्रार करणाऱ्यांपैकी काहींना वाहतुकीची चिंता कमी आणि आपली उपस्थिती अधिक खुपते, हेही मला ठाऊक आहे. उपनगरांत मशिदींना जागा अपुरी आहे, हेही सत्य आहे. परंतु कयामतीच्या दिवशी काकांच्या त्या एका तासाचा हिशेब मला द्यायचा आहे, आणि तेथे मंडपवाल्यांचे उदाहरण माझ्या उपयोगी पडणार नाही. अल्लाहचे हक तो इच्छील तर माफ करील. दासांचे हक मात्र ज्याचे त्याच्याकडूनच माफ करून घ्यावे लागतात. रस्ता हा दासांचा हक आहे, आणि त्याची अडचण अशी की त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाचा तो आहे. किती जणांची घरे गाठून माफी मागणार?

आपल्या धर्मशास्त्राने, अर्थात फिकहने, या प्रश्नाचा किती बारकाईने विचार केला आहे हे आपल्यापैकी अनेकांना माहीत नसते. 'हिदाया' हा हनफी फिकहचा ग्रंथ आपल्या मदरशांत शिकविला जातो. त्यात सार्वजनिक रस्त्यावर पन्हळ किंवा छज्जा काढणे, ओटा अथवा दुकान पुढे बांधणे याविषयी स्वतंत्र चर्चा आहे. असे बांधकाम हटविण्याची मागणी सामान्य लोकांपैकी कोणीही करू शकतो. त्यासाठी तो शेजारीच असला पाहिजे अशी अट नाही. 'दुर्रुल मुख्तार'मध्ये तर स्पष्ट केले आहे की, हरकत घेणारा मुस्लिमेतर असला तरी त्याचा हा अधिकार मान्य आहे. म्हणजे काकांना बोलण्याचा अधिकार महानगरपालिकेने दिला त्याच्या कित्येक शतके आधी आपल्याच फकिहांनी दिलेला आहे. आपल्या दुकानाची पायरी पदपथावर किती आली आहे, हे घरी जाताना एकदा पाहावे. इमारतीबाहेर रंगाचे रिकामे डबे आणि सिमेंटच्या कुंड्या ठेवून गाडीची जागा राखण्याची जी पद्धत पडली आहे, तीही याच सदरात येते. वीतभर जमीन अन्यायाने घेणाऱ्याच्या गळ्यात सात जमिनींचे जोखड पडेल, ही हदीस आपण भाऊबंदकीच्या दाव्यांत ऐकवतो. कुंडी ठेवताना ती आठवत नाही.

रस्त्याच्या रुंदीवरून वाद झाला तर तो सात हात ठेवावा, असाही निर्णय बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. सात हात म्हणजे आजच्या मापाने सुमारे सव्वातीन मीटर. ओझे घेऊन येणाऱ्या-जाणाऱ्यांना अडचण होऊ नये, हा हेतू भाष्यकारांनी सांगितला आहे. शुक्रवारी आमच्या गल्लीत तेवढा रस्ताही उरत नव्हता. मी स्वतः पावले टाकून मोजले आहे.

बंद रस्ता म्हणजे काय, हे खरे तर अंधेरीकरांना वेगळे सांगायला नको. 3 जुलै 2018 रोजी गोखले पुलाचा पादचारी भाग कोसळला. 7 नोव्हेंबर 2022 पासून पूल वाहतुकीला बंद झाला आणि पूर्व-पश्चिम जाणारा प्रत्येक माणूस त्याची किंमत मोजू लागला. 26 फेब्रुवारी 2024 रोजी एक बाजू खुली झाली, तेव्हा दिसले की नव्या पुलाची आणि शेजारच्या बर्फीवाला पुलाची उंची जुळतच नाही. आपण सर्वच हसलो, संतापलो, आणि ते योग्यच होते. ज्यांच्या हाती सार्वजनिक काम सोपविले जाते, त्यांना आपल्या रयतेविषयी जाब द्यावा लागेल, हे प्रेषितवचन अभियंत्याला आणि आयुक्तांनाही लागू आहे. परंतु त्याच वचनात प्रत्येकाला राखणदार म्हटले आहे. पुलाविषयी एवढे पोटतिडकीने बोलणारे आपण शुक्रवारी गाडीचा हँडब्रेक ओढून निश्चिंत मनाने तकबीर बांधतो.

आता सावलीविषयी. हे दोन विषय मी एकत्र का घेतले? कारण प्रेषितांनी ते एकत्र घेतले आहेत. शापास कारण होणाऱ्या दोन गोष्टी टाळण्यास त्यांनी सांगितले, त्या अशा की लोकांच्या वाटेवर किंवा लोकांच्या सावलीत कोणी घाण करू नये. हदीस 'सहीह मुस्लिम'मधील आहे. वाळवंटातल्या माणसाला झाडाची सावली म्हणजे काय हे कळत होते. मे महिन्यात दुपारी जोहरसाठी चालत येणाऱ्या आमच्या वृद्ध नमाजींनाही ते कळते.

बोरीचे झाड तोडणाऱ्याविषयी 'अबू दाऊद'मध्ये फार कठोर इशारा आहे, आणि इमाम अबू दाऊद यांनी त्याचा खुलासाही केला आहे. वाटसरू व जनावरे ज्याच्या सावलीत बसतात असे रानातले झाड कोणी विनाकारण, अन्यायाने, हक्क नसताना तोडले तर, असा तो खुलासा. म्हणजे प्रत्येक झाड तोडणे निषिद्ध नाही. गरज असू शकते. ती खरी आहे की नाही हे मात्र सर्वांसमोर, विचारविनिमयाने ठरावे. श्रद्धावंतांचे व्यवहार परस्पर सल्ल्याने चालतात, असे दिव्य कुरआनच्या सूरह शूरामध्ये सांगितलेच आहे.

आपल्या अंधेरीला लागूनच असलेल्या आरेचे उदाहरण घ्या. मेट्रो-3 च्या कारशेडसाठी 2,646 झाडे तोडण्याच्या अथवा अन्यत्र लावण्याच्या प्रस्तावाला पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने ऑगस्ट 2019 मध्ये मान्यता दिली. 4 ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. 7 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबविली, तोवर दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती. मेट्रो हवी होती की नाही? हवी होती. आज आपणही त्या गाडीने फिरतो. परंतु वरच्या न्यायालयाचे दार ठोठावण्याइतकाही अवकाश न देता, अंधारात केलेली ती घाई मला अजून खटकते. ज्या कामाबद्दल खात्री असते ते दिवसा, लोकांदेखत करता येते.

आरे दूरचे वाटत असेल तर गल्लीच्या तोंडाशी या. तेथे एक जुना पर्जन्यवृक्ष आहे. गेल्या महिन्यात त्याच्या खोडावर पालिकेची नोटीस लागली. शेजारच्या इमारतीच्या पुनर्विकासासाठी तो तोडायचा आहे. 1975 च्या महाराष्ट्र वृक्ष कायद्यान्वये परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, आणि तोडण्यापूर्वी नागरिकांना हरकत घेण्याची संधी द्यावी लागते. ही मुदत अल्प असते, आणि नोटीस वाचायला आपल्यापैकी कोणी थांबत नाही. मला सांगायला संकोच वाटतो, पण आमच्याच काही नमाजींना ती बातमी ऐकून आनंद झाला. पक्षी गाड्या खराब करतात ते थांबेल आणि शुक्रवारी चार मोटारींना जागा होईल, असे ते म्हणाले. एखाद्या मुसलमानाने लावलेल्या झाडाचे फळ माणसाने, जनावराने किंवा पक्ष्याने खाल्ले तरी ते त्याच्यासाठी दान ठरते, अशी हदीस आहे. हे झाड कोणी लावले ते आज कोणालाच ठाऊक नाही. त्या अनामिकाचे चांगले काम आपल्या चार मोटारींसाठी बुडावे, याला माझे मन तयार होईना.

मशिदीच्या समितीने दोन गोष्टी ठरविल्या. शुक्रवारी गल्लीत मोटार आणायची नाही, आणि दुचाकी एकाच बाजूला, फाटके मोकळी ठेवून लावायच्या. बाराच्या सुमारास दोन तरुण तोंडाशी उभे राहतात. बयान वीस मिनिटांत संपवायचे, ही अट समितीने मला घातली आहे. ती मोडली तर मुअज्जिन साहेब खाकरतात. एक रुपेरी मोटार अजूनही येते. तिच्या मालकाशी बोलणे चालू आहे.

झाडाविषयीचा हरकतीचा अर्ज मी मराठीत लिहिला. इमारत होऊ नये असे त्यात म्हटलेले नाही. आराखड्यात थोडा फेर करून झाड वाचते का ते पाहावे, आणि तोडणे अटळच असेल तर त्याचे कारण सुनावणीत सर्वांना सांगावे, एवढीच मागणी आहे. के-पश्चिम विभाग कार्यालयात तो देण्यापूर्वी गल्लीतल्या सर्वांच्या सह्या घ्यायच्या होत्या. पहिली सही काकांची असावी असे मला वाटले. त्यांनी चष्मा लावून अर्ज शांतपणे वाचला, एक ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले आणि सही केली. कार्यालयात आपल्याबरोबर येण्याची त्यांची तयारी होती. शुक्रवारी सकाळी जाऊ, असे मी म्हणालो.

"जाऊ या की," ते म्हणाले. "पण परत येताना एक वाजेल. गल्लीत शिरता येईल ना, मौलाना?"