वही कोणाची?

करात सूट मिळाली की लोक म्हणतात, सरकारने सर्वांना दिले. सज्जनहो, सर्वांना म्हणजे कोणाला, एवढे जरा निवांत बसून पाहू.

२०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नव्या पद्धतीने कर भरणाऱ्याचे बारा लाखांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त झाले. बारा लाख मिळवणाऱ्याचे वर्षाला ८०,००० रुपये वाचले, पंचवीस लाखवाल्याचे १,१०,०००. सात लाखांच्या आत असलेल्याला त्या पद्धतीत आधीच कर नव्हता. त्याचे काय वाचणार?

मजुराच्या वाट्याला आली ती सप्टेंबरातली जीएसटीची कपात. साबण, टूथपेस्ट, केसांचे तेल यांवरचा कर १८ वरून ५ टक्के झाला. समजा, महिना बारा हजार मिळवणारे घर यांवर कर सोडून पाचशे रुपये खर्च करते. ९० रुपयांचा कर २५ झाला, पासष्ट वाचले. तेही दुकानदाराने भाव उतरवला तर. वर्षाचे ७८०, म्हणजे कमाईत शेकडा अर्धा रुपया. बारा लाखवाल्याला प्राप्तिकरातच शेकडा साडेसहाच्या वर, आणि साबणावरची सूट त्यालाही आहेच. सुट्या ज्वारीवर, भाजीवर कर पूर्वीही नव्हता, म्हणून गरिबाचे ताट होते तिथेच राहिले.

यावर पूर्वपक्ष असा, की जो भरतो त्यालाच सूट मिळणार, यात अन्याय कसला? बोलणे खोटे नाही. पगारदाराच्या घरीही आजारपण आहे, मुलांची फी आहे. त्याचा हेवा करू नये. पण सूट पोचते ती वहीत नाव असलेल्यालाच, तेव्हा वही कोणाची हे पाहावे लागते. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली, असे चरित्रकार सांगतात. त्या खतांवर नावे अडलेल्यांची होती, म्हणून माफी नेमकी अडलेल्याच्या दारी गेली. शिवाय बुडाले ते तुकोबांचे स्वतःचे.

प्राप्तिकराची वही मिळवत्यांची. तिच्यातून सुमारे एक लाख कोटी रुपये सोडल्याचे अर्थमंत्र्यांनीच सांगितले. ते कोणा एकाच्या घरचे नव्हते. साबणामागे मजुराचाही रुपया त्याच तिजोरीत पडतो, आणि रेशनचे धान्य, सरकारी दवाखान्यातले औषध तिथूनच येते. वाचलेला पैसा बाजारात फिरून गरिबापर्यंत येतो, असे जाणकार म्हणतात. काही येतही असेल. ज्यांच्या घरी भांडी घासायला मावशी येतात, त्यांनी ही सूट मिळाल्यापासून मावशींचा पगार किती वाढवला, ते मनाशी आठवून पाहावे.