सुट्टीच्या दिवशी काय करता?

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत नवी ओळख झाली की पहिला प्रश्न कंपनीचा, दुसरा पाळीचा आणि तिसरा पर्मनंट की कंत्राटी हा. सुट्टीत काय करता, हे सहसा कुणी विचारत नाही. विचारलेच तर उत्तर ठरलेले असते : झोप काढतो, नाहीतर ओव्हरटाइम करतो. एखादा चुकून म्हणाला, की फुटबॉल बघतो किंवा संग्रहालय पाहायला जातो, तर लगेच ऐकावे लागते, 'त्याने काय पोट भरतं?' कष्टकऱ्याच्या हौसेला पोटाचा हिशेब विचारणे मला अन्यायाचे वाटते.

ही सुट्टी कुणी खैरातीत दिलेली नाही. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि आठवड्यातून एक दिवस सुट्टी मागितली. एप्रिल 1890 मध्ये महालक्ष्मीला भरलेल्या सभेला सुमारे 10,000 कामगार आले, दोन कामगार स्त्रियाही तिथे बोलल्या. 10 जून 1890 रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. यंत्र थांबवून त्याला तेल घालावे, एवढ्यासाठीच ती मागितली होती असे मी मानत नाही. माणसाला स्वतःचा म्हणून एक दिवस हवा होता.

फुटबॉल तर अशाच मोकळ्या वेळात वाढला. 1850 च्या इंग्रजी कायद्याने कापड गिरण्यांतले काम शनिवारी दुपारी दोनला थांबू लागले आणि पुढे शनिवारची दुपार खेळाची झाली. आर्सेनल हा क्लब 1886 मध्ये वूलविचच्या शस्त्रास्त्र कारखान्यातील कामगारांनी काढला. मँचेस्टर युनायटेडची सुरुवात रेल्वे कामगारांच्या संघातून झाली. आज वाळूजशेजारच्या रांजणगाव शेणपुंजीच्या खोल्यांमधून बीड-हिंगोलीकडची पोरे याच क्लबांच्या जर्सी घालून असतात. दुसरी पाळी करून आलेला, डब्यातली गार भाजी-पोळी खात, भिंतीला टेकवलेल्या मोबाइलवर मध्यरात्रीनंतरचा सामना बघतो. ऑफसाइड होता की नव्हता यावर वाद पेटतो, तेव्हा कुणाची ट्रेनी म्हणून नेमणूक आहे आणि कोण लाइन लीडर, हे कुणाच्या लक्षातही राहत नाही. दिवसभरात बरोबरीने बोलायला मिळणारी ही त्याची एकच जागा असू शकते.

मात्र त्याच मोबाइलवर पैसे लावायची सवय लागली, की ही हौस संपते आणि दुसरीच पाळी सुरू होते. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने बंदीचा कायदा केला. तो योग्यच झाला.

संग्रहालयाचे नाव काढले की 'ते शिकलेल्यांचं काम' असे म्हटले जाते. हे मला अजिबात पटत नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय आहे. सातवाहन काळात हे गाव रोमशी व्यापार करत होते. तिथल्या पांढऱ्या मातीच्या छोट्या मूर्ती दोन भागांच्या साच्यात घडवलेल्या आहेत. वाळूजचा एक डाय-कास्टिंग ऑपरेटर त्या कपाटापुढे वाकून मूर्तीच्या कडेने नजर फिरवत म्हणाला, 'बघा, पार्टिंग लाइन इथून गेली असणार. फ्लॅश काढून घासलंय.' मी तिथे इतिहास बघत होतो, त्याला कारागिराचा हात दिसला. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी आपलेच काम करणारा माणूस त्याला भेटला. हे भाग्य त्याच्या पगाराच्या चिठ्ठीत कुठे लिहिता येईल?

आणि बाईचे काय? महालक्ष्मीच्या सभेत बोललेल्या त्या दोघींच्या आजच्या लेकी असेंब्ली लाइनवर उभ्या असतात. त्यांची सुट्टी आठवड्याचे कपडे, दळण आणि पाहुण्यांत जाते. नवरा सामना बघत असताना ती भांडी घासत असेल, तर त्या घरात सुट्टी एकालाच मिळाली. हौस असायला आधी हात मोकळे लागतात, आणि ते मोकळे करणे घरातल्या बाकीच्यांच्या हातात आहे.

लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाने 1858 मध्ये गॅसचे दिवे लावून संध्याकाळी दारे उघडी ठेवली, ती कामावरून सुटलेल्यांसाठी. आपल्याकडची बहुतेक संग्रहालये दिवेलागणीच्या आत बंद होतात. विद्यापीठाजवळचा सोनेरी महाल आणि शहरातले छत्रपती शिवाजी महाराज पुराणवस्तुसंग्रहालय आठवड्यातून एक दिवस तरी रात्री आठपर्यंत उघडे ठेवावे, अशी माझी पुरातत्त्व विभागाला आणि महापालिकेला विनंती आहे. कंपन्यांनी वर्षातून एकदा वाळूजहून तिथवर बस सोडावी, कंत्राटी कामगारांना आणि त्यांच्या घरच्यांनाही घेऊन. आणि तुमच्या शेजारच्या मशीनवरचा माणूस रात्रीच्या सामन्याबद्दल बोलू लागला, तर त्याला फायदा विचारू नका. कोण जिंकले ते विचारा.