सेनानीचे शील

सैन्य कशाने एक राहते? वरवर पाहता हा प्रश्न आपल्यासारख्या टाळकऱ्यांचा नव्हे. पण ज्या देशात अनेक भाषा, अनेक जाती, अनेक उपासना एकाच अंगणात नांदतात, त्या देशाला तो रोजच पडतो. जी माणसे एकसारखी नाहीत, त्यांनी एकमेकांवर भरवसा कसा टाकावा? घरी याचे उत्तर चुकले तर भांडण होते. रणात चुकले तर माणसे मरतात. म्हणून एका सेनानीचे चरित्र समोर ठेवून थोडा विचार करू.

ब्रिगेडियर महंमद उस्मान यांचा जन्म १९१२ सालचा, उत्तरेकडे मऊ भागातला. इंग्लंडात सँडहर्स्ट येथे लष्करी शिक्षण घेऊन ते बलुच रेजिमेंटमध्ये अधिकारी झाले. १९४७ साली देशाची फाळणी झाली, तशी फौजेचीही वाटणी झाली. बलुच रेजिमेंट पाकिस्तानकडे गेली. पलटण तिकडे, सोबती तिकडे, आणि आला असतास तर मोठे पद देऊ, असा निरोपही तिकडून होता म्हणतात. उस्मान गेले नाहीत. आपला धर्मही त्यांनी सोडला नाही आणि आपला देशही सोडला नाही. या दोहोंत निवड करावी लागते, हेच त्यांना मान्य नव्हते.

पुढे काश्मीरचे युद्ध पेटले. नौशेरा भागातील ५० व्या पॅराशूट ब्रिगेडची सूत्रे त्यांच्या हाती आली. तो काळ डोळ्यांपुढे आणा. पंजाब रक्ताने न्हालेला. कित्येक जवानांची घरेदारे नुकतीच उद्ध्वस्त झालेली. अशा जवानांपुढे मुसलमान सेनापती उभा राहतो आणि म्हणतो, चला माझ्याबरोबर. कुणाच्या मनात शंका आली नसेल काय? आली असेल. मनुष्यस्वभावच तो. मग ती गेली कशाने?

ती भाषणाने गेली नाही. डिसेंबर १९४७ मध्ये झांगर हे ठाणे शत्रूने घेतले, तेव्हा ते परत मिळेपर्यंत खाटेवर निजणार नाही, असे उस्मानांनी ठरवले. जम्मूकडची थंडी, आणि सेनापती जमिनीवर चटई टाकून निजतो आहे! ६ फेब्रुवारी १९४८ रोजी नौशेऱ्यावर मोठा हल्ला आला. तैनधारच्या ठाण्यावर राजपूत रेजिमेंटचे नाईक जदुनाथसिंग यांनी प्राण वेचले. त्यांना परमवीरचक्र मिळाले. नौशेरा राहिले. मार्चमध्ये झांगरही परत घेतले. त्या ब्रिगेडमध्ये आपली मराठा पलटणही होती, आणि झांगरचा रणसन्मान तिच्या नावावर आहे. झांगर घेतले त्या दिवशी सेनापतीसाठी खाट शोधायला गेले, तर छावणीत खाटच नव्हती; गावातून मागून आणावी लागली, अशी आठवण सांगतात.

आता कोणी म्हणेल, 'यात शीलाचे काय? फौज हुकमावर चालते.' खरे आहे. हुकूम माणसाला टेकडीपर्यंत नेतो. पण पाठीमागे उभा असलेला आपला की परका, ही जी मनातली कुजबुज, तिला हुकूम गप्प करू शकत नाही. तिला गप्प करते ते डोळ्यांनी पाहिलेले आचरण. जो आपल्याआधी कष्ट सोसतो त्याची जात-उपासना विचारायचे सुचतच नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. शीलवान सेनानीवर माणसे जीव टाकतात, आणि इथेच मोठा धोका असतो. ती भक्ती स्वतःपाशीच अडवून ठेवणारे सेनापती पुढे देशाच्या मानेवर बसलेले जगाने पाहिले आहेत. उस्मानांनी आपल्या ब्रिगेडमध्ये एकमेकांना भेटताना 'जय हिंद' म्हणण्याचा पाठ घातला, असे सांगतात. जयजयकार स्वतःचा नव्हे, देशाचा. शीलाची खरी परीक्षा ही : मिळालेले प्रेम तो पुढे सोपवतो की गाठीला बांधतो?

३ जुलै १९४८ रोजी झांगर येथेच तोफगोळ्याने ते पडले. छत्तिसावे वर्ष पुरे व्हायला बारा दिवस उरले होते. दिल्लीत जामिया मिलियाच्या परिसरात त्यांची कबर आहे. अंत्ययात्रेला पंडित नेहरू होते. मरणोत्तर महावीरचक्र मिळाले. त्या वेळी आपली राज्यघटना लिहून व्हायची होती; ती स्वीकारली गेली २६ नोव्हेंबर १९४९ रोजी. समता, बंधुता हे शब्द कागदावर यायच्या आधी कुणीतरी ते जगून दाखवले होते. राष्ट्राचे आदर्श असेच उतरतात, आधी अंगात, मग अक्षरांत.

इथे कथा संपवली तर गोड वाटेल. पण मनाला एक टोचणी राहते, ती झाकून ठेवू नये. जदुनाथसिंगांचे मरण आपण शौर्य म्हणून ऐकतो. उस्मानांचे मरण मात्र पुष्कळदा पुरावा म्हणून सांगितले जाते : बघा, हासुद्धा देशासाठी मेला. हे 'सुद्धा' कुठून आले? दोघेही एकाच मातीसाठी पडले. एकाचा भरवसा जन्मतःच आणि दुसऱ्याचा मेल्यावर, हा न्याय कुठला? मग दोष त्याच्या निष्ठेत नसून आपल्या मापात आहे.

सेनानीचे शील शंका दूर करू शकते. पण ती उद्या पुन्हा उगवू न देणे, हे काम त्याचे नाही. तो तर आपले काम करून गेला. ते काम तुमचे-माझे. शेजारच्या माणसाकडे, वाटेवर भेटणाऱ्या परक्याकडे त्याने काही सिद्ध करण्याआधीच आपला म्हणून पाहणे, एवढे साधले तरी त्या चटईवर काढलेल्या रात्रींचे ऋण थोडे तरी फिटेल.