उसवलेल्या टाक्यांची वही

सोलापुरासारख्या गांवीं लोकरीचे स्वेटर विणणें हाच मुळीं थोडा विनोदाचा विषय आहे. वैशाखांत जेथें भिंतींनाही घाम फुटावा, तेथें लोकरीचा गुंडा मांडीवर घेऊन बसलेली गृहिणी पाहिली कीं परगांवच्या पाहुण्यांस हसूं येतें. आमच्या भाचीला हें वेड आहे. गेल्या महिन्यांत तिनें आम्हांस विचारलें, "मामा, मी काय विणतें, कसें विणतें, हें नेमानें लिहून लोकांपुढें ठेवावें असें मनांत आहे. यांत कांहीं गैर आहे का?" घरांतील वडील मंडळींचा कौल प्रतिकूल होता. स्वेटर विणावा, ज्याला हवा त्याला द्यावा. त्याचा डांगोरा कशाला? प्रश्न घरगुती असला तरी नीतीचा आहे. म्हणून त्याचा येथें विचार करूं.

पहिला आक्षेप असा कीं विषय क्षुद्र आहे. निदान सोलापूरकरांनीं तरी तो घेऊं नये. तेलंगणांतून आलेल्या पद्मशाली विणकरांनीं या गांवचें नांव चादरीवर कोरून दूरदूर पोंचविलें. त्या चादरीची नक्षी जकार्डाच्या, भोकें पाडलेल्या पुठ्ठ्यांत नोंदलेली असते. फ्रान्समधील ल्याँच्या जकार्डनें 1804 सालीं ही युक्ति पुढें आणिली. पुठ्ठे जपले तर नक्षी पुन्हां काढतां येते. परंतु ताणा किती ताठ ठेवावा, तुटलेला धागा हलक्या हातानें कसा सांधावा, हें त्या पुठ्ठ्यांत नाहीं. तें विणकराच्या बोटांत असतें, आणि बोटांबरोबरच जातें. स्वयंपाकाविषयींही एके काळीं असेंच म्हणत. पण लक्ष्मीबाई धुरंधरांनीं 1910 सालीं 'गृहिणी-मित्र' आणि कमलाबाई ओगल्यांनीं 1970 सालीं 'रुचिरा' लिहिलें, म्हणून ज्यांना सांगणारें कोणी वडीलधारें जवळ नव्हतें, अशा कित्येकींच्या चुलीला आधार मिळाला.

दुसरा आक्षेप आत्मप्रौढीचा. फ्रेंच निबंधकार माँतेन यानें 1580 सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या निबंधांत स्वतःविषयींच लिहिलें. तरी वाचक त्याला कंटाळले नाहींत, कारण त्यानें आपलीं व्यंगें झांकलीं नाहींत. येथेंही तीच कसोटी लावावी. आपल्या भाषेंत मागावरच्या व सुयांवरच्या कामास एकच शब्द आहे, 'विणणें'. परंतु दोहोंत मोठें अंतर आहे. मागावर उभे आणि आडवे धागे एकमेकांस जखडून टाकतात. सुयांवरचें काम म्हणजे एकाच धाग्याचे, एकांत एक अडकविलेले फांस. टाके मोकळे करून टोक ओढलें कीं सारें पुन्हां लोकरच. या कलेंत चुकीला प्रायश्चित्त आहे! तेव्हां जो केवळ तयार स्वेटर दाखवितो, तो प्रदर्शन मांडतो. पण सुलट टाक्याच्या जागीं उलट टाका कोठें पडला, दोन दिवसांचें काम कां उसवावें लागलें, हें जो सांगतो, तो विद्यादान करतो.

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे. लोकांसाठीं लिहूं लागलें कीं हातही लोकांसाठींच विणूं लागतो. ज्याच्याकरितां विणावयाचें त्याच्या अंगाला तें ऊब देईल कीं नाहीं, यापेक्षां वाचकांच्या डोळ्यांत भरेल कीं नाहीं, ही चिंता वाढते. यावर आमच्यापाशीं पुरतें उत्तर नाहीं. वर्षाकाठीं एक तरी काम असें करावें कीं ज्याविषयीं अक्षरही लिहूं नये, इतकेंच आम्हीं भाचीला सुचविलें.

हें सर्व आम्ही तटस्थपणें लिहीत आहों असें वाचकांनीं समजूं नये. आमची धाकटी बहीण, म्हणजे या भाचीची आई, हिनें तीसएक वर्षांपूर्वीं अशीच एक वही आरंभिली होती. टाक्यांचे हिशेब, चुकलेल्या ओळी, कोणासाठीं काय विणलें, हें तींत टिपलेलें असे. ती तिनें मोठ्या हौसेनें आम्हांस दाखविली. आम्ही नुकतेच प्राध्यापक झालों होतों आणि इंग्रजी वाङ्मयाचा तोरा अंगांत मुरलेला होता. "यांत वाङ्मय कोठें आहे?" असें म्हणून आम्ही हसलों. तीही हसली; आणि वही तेथेंच थांबली. दोन वर्षांपूर्वीं ती गेली, तेव्हां तिच्या पेटींत एक अर्धा स्वेटर सुयांसकट निघाला. त्यावरील नमुना मुलीला पुरता उलगडेना. एक एक ओळ उसवून पाहिली तर कदाचित् कळेल, असें ती म्हणाली. परंतु तिचा हात धजला नाहीं.

आमचें तें हसणें उसवतां येत नाहीं. आम्हीं भाचीला होकार दिला. पहिलें पान त्या अर्ध्या स्वेटराचें असावें, असें तिनें ठरविलें आहे: नमुना जेवढा कळला तेवढा द्यावयाचा, आणि जेथें कळला नाहीं तेथें तसें स्पष्ट लिहावयाचें.